एमएसडब्ल्यू करावे का? समाजकार्याच्या पदवीचा पैशातला हिशेब

पदवीचा निकाल लागला की वस्तीतल्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो : एमएसडब्ल्यू करू का? विहारात, अभ्यासिकेत, जयंती मंडळाच्या बैठकीत त्याला उत्तरही ठरलेलेच मिळते, "कर, समाजासाठी काम करता येईल." त्यामागचा दुसरा प्रश्न मात्र बहुतेकदा तोंडातच राहतो. घर चालेल का? ज्या घरात आई धुणीभांडी करते आणि वडील रोजंदारीवर आहेत, त्या घराने दोन वर्षे मुलाच्या किंवा मुलीच्या कमाईवाचून काढायची, तर या पदवीचे पैशात मोल किती, हे विचारणे स्वार्थीपणाचे नाही. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीत साधारणपणे विशेषीकरण निवडावे लागते. समुदाय संघटन आणि विकास, कुटुंब व बालकल्याण, वैद्यकीय व मनोचिकित्सा समाजकार्य, आणि कामगार कल्याण किंवा मानव संसाधन. विद्यापीठागणिक नावे थोडी बदलतात. चळवळीतून आलेली मुले अर्थातच समुदाय संघटन निवडतात : लोकांना एकत्र आणणे, हक्कांसाठी पाठपुरावा करणे, कायदा आणि योजना तळापर्यंत नेणे, ज्याला संस्थांच्या भाषेत ॲडव्होकसी म्हणतात. माझा अनुभव असा की या चारांत सगळ्यांत कमी पगार याच शाखेत मिळतो आणि सगळ्यांत जास्त मानव संसाधनात. कारण सरळ आहे. कारखान्याला कल्याण अधिकारी कायद्यानेच नेमावा लागतो. कारखाने कायदा १९४८ च्या कलम ४९ मध्ये ५०० किंवा अधिक कामगारांची अट होती, नव्या श्रमसंहितेत ती २५० वर आली आहे. वस्तीला संघटक नेमण्याची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही.

खर्च म्हणजे फक्त फी नव्हे

महाराष्ट्रात समाजकार्याचे शिक्षण जुने आहे. मुंबईत नागपाड्याला १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे 'टिस'. १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आली. पुढे नागपूर, धुळे आणि इतर जिल्ह्यांतही महाविद्यालये निघाली. त्यांतली अनेक अनुदानित आहेत आणि त्यांचा कारभार सामाजिक न्याय विभागाकडे येतो. अनुदानित जागेवर फी कमी असते. पण एकाच महाविद्यालयात बीएसडब्ल्यू अनुदानित आणि एमएसडब्ल्यू विनाअनुदानित असू शकते. म्हणून "कॉलेज अनुदानित आहे का" एवढे विचारून थांबू नका, "माझी तुकडी अनुदानित आहे का" असे विचारा.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मुख्य आधार म्हणजे भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याच्या फ्रीशिप योजनेतून शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत असते. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार वसतिगृहात राहणाऱ्याला निर्वाह भत्ता व्यावसायिक पदवी-पदविकांच्या गटात वर्षाला ९,५०० रुपये आणि सर्वसाधारण पदवी-पदव्युत्तर गटात ६,००० रुपये आहे. घरून येणाऱ्यांना अनुक्रमे ६,५०० आणि ३,०००. हे आकडे वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत, हे आवर्जून सांगावे लागते.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला असा : शिष्यवृत्तीतली केंद्राच्या वाट्याची रक्कम आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि तिच्यात कॉलेजचे शुल्कही असते. आलेली रक्कम आपलीच समजून खर्च झाली की कॉलेज निकालपत्र आणि दाखले अडवते आणि नोकरीच्या मुलाखतीच्या वेळी धावपळ होते. पैसे आल्यावर शुल्काचा भाग ठरलेल्या मुदतीत भरून पावती घ्या. दुसरा खळगा एम.ए. झालेल्यांसाठी आहे. एका पदव्युत्तर पदवीनंतर त्याच पातळीवरच्या दुसऱ्या पदवीसाठी सर्वसाधारणपणे ही शिष्यवृत्ती मिळत नाही. मी स्वतः समाजशास्त्राची एम.ए. आहे, त्यामुळे "एम.ए. तर झालेच आहे, आता एमएसडब्ल्यूही करून टाकू" असे म्हणणारे बरेच जण भेटतात. त्यांना ही दुसरी पदवी बहुधा पदरच्या पैशाने करावी लागते. बीए झाल्यावर एम.ए. की एमएसडब्ल्यू, हा निर्णय म्हणूनच एकदाच आणि विचार करून घ्यायचा असतो.

राहण्या-जेवण्यासाठी शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,००० मिळून वर्षाला ६०,००० रुपये. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि इतर जिल्हा ठिकाणी ४३,०००. उत्पन्नाची अट इथेही अडीच लाखांची, आणि ज्या शहरात शिकायचे तिथला रहिवासी असता कामा नये. रक्कम उशिरा येते, ही दरवर्षीची तक्रार आहे. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांचे भाडे आणि मेस स्वतःच्या हिमतीवर भरायची तयारी ठेवूनच शहर गाठावे लागते.

शिष्यवृत्ती कागदावर आहे म्हणजे शिक्षण फुकट झाले, असे होत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत टिसच्या विद्यार्थ्यांनी संप केला तो याच मुद्द्यावर. भारत सरकार शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि मेसचे शुल्क भरायला सांगितले गेले होते. मुंबईतून तो संप तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटीच्या परिसरांतही पोहोचला. शिकवणी फी माफ असली तरी राहणे-जेवण परवडले नाही की गरीब घरातला विद्यार्थी गळतो, हे त्या मुलांनी देशाला दाखवले.

क्षेत्रकार्याचा खर्च तर माहितीपत्रकात नसतोच. आठवड्यातले साधारण दोन दिवस संस्थेत किंवा वस्तीत जायचे, त्याचा प्रवास, ग्रामीण शिबिर, अभ्यास दौरा, अहवालांची छपाई. त्या दोन दिवसांमुळे अर्धवेळ नोकरीही धरता येत नाही.

एक नमुना हिशेब

पुढचे आकडे गृहीत धरलेले आहेत. तुमचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा मांडा.

समजा, बीए झालेली एक मुलगी गावी घरी राहून महिना १२,००० रुपयांची नोकरी करू शकते. ती सोडून ती दोन वर्षे पुण्याला एमएसडब्ल्यूला गेली. बुडालेली कमाई २,८८,०००. खोली आणि मेस महिना ६,००० प्रमाणे वीस महिन्यांचे १,२०,०००. शिष्यवृत्तीनंतर उरलेली फी, प्रवास, छपाई मिळून ३०,०००. एकूण ४,३८,०००. स्वाधार दोन्ही वर्षे पूर्ण मिळाले तर १,२०,००० वजा होतात आणि उरतात ३,१८,०००. म्हणजे या पदवीच्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा फीचा नाही, बुडालेल्या पगाराचा आहे.

आता परतावा. पदवीनंतर एखाद्या संस्थेच्या प्रकल्पात तिला १८,००० मिळाले. पदवी नसती तर तोवर ती १४,००० पर्यंत पोहोचली असती असे धरू. फरक महिना ४,०००, वर्षाला ४८,०००. तीन लाख अठरा हजार भरून निघायला साडेसहा वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल. स्वाधार मिळालेच नाही तर नऊ वर्षे. तेच, तिला अशी कायम नोकरी लागली जिथे पदवीमुळे महिना २०,००० जास्त मिळतात, तर सगळी रक्कम सोळा महिन्यांत वसूल होते.

पदवी तीच, मेहनत तीच. सोळा महिने आणि नऊ वर्षे यांतला फरक पडतो तो पदवी ज्या दारावर चालते त्या दारामुळे. आणि ती दारे मोजकी आहेत.

कर्ज काढून करायचे म्हटले तर हिशेब आणखी बिघडतो. खासगी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी तीन लाखांचे शैक्षणिक कर्ज दहा टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिना सुमारे ४,९८० रुपये येतो आणि परतफेड सुमारे ४ लाख १८ हजारांवर जाते. शिक्षणाच्या काळातले व्याज यात धरलेले नाही. वरच्या उदाहरणातली सगळी पगारवाढ हप्त्यातच जाते आणि वर हजारभर रुपये पदरचे. समुदाय संघटनासाठी खासगी महागड्या अभ्यासक्रमाचे कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पदवी कुठे लागतेच

वकिलाला बार कौन्सिल आहे, परिचारिकेला नर्सिंग कौन्सिल आहे. समाजकार्याला आपल्या देशात अशी वैधानिक परिषद नाही, नोंदणी नाही, परवाना नाही. कोणीही स्वतःला समाजसेवक म्हणवून घेऊ शकतो आणि आपल्याकडे निवडणुकीच्या बॅनरवर म्हणवतोच. याचा थेट परिणाम पगारावर होतो. संस्था जाहिरातीत "एमएसडब्ल्यू किंवा एम.ए. समाजशास्त्र किंवा समकक्ष" असे लिहिते आणि प्रत्यक्षात कोणताही पदवीधर कमी पैशात घेते.

तरीही काही ठिकाणी ही पदवी लागतेच. शासकीय रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत समाजसेवा अधीक्षकाचे पद असते. मनोसामाजिक कामात तर कायदाच बोलतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये 'सायकियाट्रिक सोशल वर्कर' कोणाला म्हणायचे याची व्याख्या आहे, आणि तिच्यात समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी व त्यावर त्या विषयातील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. धरले आहे. परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, जिल्हा बाल संरक्षण कक्षातील पदे यांतही पदवीला वजन असते, पण त्यांतली बरीच पदे कंत्राटी आहेत. समाजकल्याण विभागातली गृहपाल किंवा निरीक्षकाची जाहिरात आली तर आधी पाहा, समाजकार्याची पदवी अनिवार्य आहे की कोणतीही पदवी चालते. कोणतीही चालत असेल तर त्या परीक्षेसाठी एमएसडब्ल्यू करणे म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या तयारीतली दोन वर्षे कमी करणे.

अध्यापन आणि संशोधन हे आणखी एक दार. नेटमध्ये समाजकार्य हा स्वतंत्र विषय आहे. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीची रक्कम २०२३ पासून पहिल्या टप्प्यात महिना ३७,००० आणि पुढच्या टप्प्यात ४२,००० झाली आहे. बार्टीची आणि केंद्राची अनुसूचित जातींसाठीची अधिछात्रवृत्तीही आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ जणांना मिळते. अभ्यासाची आवड असेल तर पैशाच्या दृष्टीने ही वाट प्रकल्पातल्या नोकरीपेक्षा कितीतरी सरस आहे. मात्र पीएच.डी. झाल्यावर कायम प्राध्यापकाची जागा मिळेल, हे गृहीत धरू नका.

संघटनाला पगार कोण देतो?

हा मुद्दा प्रवेश घेताना कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.

संस्थांकडे पैसा येतो तो मुख्यतः तीन वाटांनी : शासन, कंपन्या आणि परदेशी निधी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्यातून शाळेला संगणक मिळतात, आरोग्य शिबिरे होतात, शिवणवर्ग चालतात. गायरान जमिनीसाठी मोर्चा काढणाऱ्या किंवा ॲट्रॉसिटीच्या खटल्यात साक्षीदारांना धीर देणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार त्यातून निघणे अवघड. कोणत्या कंपनीला जिल्हाधिकाऱ्यांसमोर घोषणा देणाऱ्यांच्या फलकावर आपले नाव हवे असेल?

हक्कांच्या कामाला पैसा येत होता तो बराचसा परदेशी देणगीदारांकडून. २०२० च्या सप्टेंबरमध्ये परदेशी योगदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तालुक्याच्या ठिकाणी चार-पाच कार्यकर्त्यांवर चालणाऱ्या, स्वतःची परदेशी निधीची नोंदणी नसलेल्या संस्था मोठ्या संस्थांकडून मिळणाऱ्या रकमेवर जगत होत्या. त्यांची ती वाट बंद झाली, आणि त्यांतल्या अनेक आपल्याच माणसांच्या होत्या. शासनाची वाट तरी पक्की का? १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन वर्षानुवर्षे संस्थांच्या कार्यकर्त्यांनी चालवली. २०२३ मध्ये ती शासकीय यंत्रणेकडे गेली आणि संस्थांमधली ती पदे संपली.

उरलेल्या नोकऱ्यांचे स्वरूपही नीट बघावे. नेमणूकपत्रात 'पगार' असा शब्द आहे, 'मानधन' आहे की 'सल्लागार शुल्क'? सल्लागार म्हणून घेतले तर बहुधा दहा टक्के कर आधीच कापला जातो, भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, प्रसूती रजा नाही. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण अनेक कार्यकर्ते ते भरतच नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो. मुलाखतीत हे विचारायला लाजू नका. दुसऱ्यांना किमान वेतनाचा कायदा समजावून सांगणाऱ्याने स्वतःचे नेमणूकपत्र न वाचता सही करावी, हे बरे दिसत नाही.

आपल्या चळवळीत हे कसे भागवले गेले

१९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन करणाऱ्या बाबासाहेबांनी सभेकडून पगार घेतला नाही. उच्च न्यायालयात वकिली आणि १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायद्याचे अध्यापन, यांवर घर चालत होते. त्यांच्या स्वतःच्या शिक्षणामागेही रोखठोक करार होता. १९१३ मध्ये कोलंबियाला जाताना सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली, आणि बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचे लिहून द्यावे लागले. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली होती. कार्यकर्ता घडवायला शिक्षण लागते, हे त्यांना मान्य होते. पोट आणि चळवळ यांचे हिशेब मात्र वेगळे होते.

पुढे कांशीराम, डी. के. खापर्डे आणि दीनाभाना यांनी ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ उभी केली, तीही पगारदार कर्मचाऱ्यांच्या बळावर. 'पे बॅक टू सोसायटी' हा शब्दप्रयोग तिथूनच घराघरांत गेला. सुरक्षित नोकरी करणारा वेळ, पैसा आणि बुद्धी देईल, अशी ती रचना होती. आता कायम सरकारी नोकऱ्याच आटत चालल्या आहेत. ज्याची स्वतःची नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे, तो समाजाला काय परत करणार? म्हणून आजच्या तरुणांना समाजकार्यातच पोट शोधावे लागते. बाबासाहेबांचे नाव घेऊन त्यांना "पैशाचा विचार करू नकोस" असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. सम्यक आजीविका अष्टांगिक मार्गातच आहे.

मग कोणी, कसे करावे

अनुदानित जागा, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह किंवा स्वाधार, हे तिन्ही जमत असेल आणि विशेषीकरण वैद्यकीय व मनोचिकित्सा किंवा बालकल्याण घेणार असाल, तर पदवीचा हिशेब जमतो. समुदाय संघटनच घ्यायचे असेल तर टिससारख्या ठिकाणी, जिथे संपर्क आणि संशोधन दोन्ही मिळतात, तिथे प्रयत्न करा. तिथला पदव्युत्तर प्रवेश आता सीयूईटी-पीजीमधून होतो. नोकरीत असाल तर ती सोडू नका. इग्नूची एमएसडब्ल्यू दूरशिक्षणाने करता येते, नागपुरात सायंकाळचे समाजकार्य महाविद्यालयही आहे. क्षेत्रकार्य तिथेही चुकत नाही, पण हिशेबातला तो २,८८,००० चा आकडा शून्यावर येतो.

काम करायचे आहे आणि पदवीच्या दाराची गरज नाही, अशांनी कायद्याची पदवी का घेऊ नये? पदवीनंतर तीन वर्षे लागतात, म्हणजे एक वर्ष जास्त. पण हातात सनद येते, आणि ॲट्रॉसिटी, जमीन, वेतन या आपल्या रोजच्या भांडणांत उभे राहण्याचा अधिकार येतो. धम्म आणि संघटनाचे निवासी शिक्षण हवे असेल तर नागपूरच्या नागलोकातील नागार्जुन प्रशिक्षण संस्था आहे. तिथे अनेक राज्यांतली मुले येतात. मात्र सरकारी जाहिरातीत तिचा उपयोग पदवीसारखा होणार नाही, हे जाणून जावे.

प्रवेशाआधी महाविद्यालयात जाऊन एकच चौकशी करायची असेल तर ही करा : गेल्या दोन तुकड्यांतल्या समुदाय संघटनाच्या विद्यार्थ्यांपैकी आज कोण कुठे आहे आणि कोणाचे नेमणूकपत्र कायम आहे. उत्तर कार्यालयातून नको. त्या तुकडीतल्या दोघातिघांना गाठून घ्या.

आणि विहार समित्यांसाठी एक आकडा. शंभर घरांनी महिना दोनशे रुपये दिले तर महिन्याला वीस हजार, वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, रेशन, पोलीस ठाणे, या कामांसाठी वस्तीतल्याच एका एमएसडब्ल्यू झालेल्या मुलीला एवढ्यात पूर्णवेळ ठेवता येते. जयंतीच्या वर्गणीपेक्षा हे वेगळे ठेवावे लागेल. न्यासाची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली असेल तर तिचा पगार बँकेतून द्यावा, लेखी नेमणूकपत्र द्यावे आणि तो खर्च दरवर्षीच्या लेखापरीक्षणात दाखवावा.